अख्खा वर्ग

फिरत्या बाईंना हे नाव कुणी ठेवलं, ते शाळेत कुणालाच आठवत नव्हतं. त्यांची नोकरी फिरतीची होती, एवढंच. शहरातल्या पाच-सहा शाळा त्यांच्या वाट्याला आलेल्या. कुणाला ऐकू कमी येतं, कुणाला वाचताना अक्षरं एकमेकांत मिसळलेली दिसतात, कुणाच्या घरची भाषाच वेगळी असते. अशी मुलं ज्या वर्गात असतील तिथल्या शिक्षकाला मदत करायची, हे त्यांचं काम. मुलांना उचलून वेगळं शिकवायचं नाही, शिक्षकाच्या जोडीला उभं राहायचं. हा फरक त्या प्रत्येक शाळेत पहिल्या दिवशी समजावून सांगत, आणि प्रत्येक शाळा तो दुसऱ्या दिवशी विसरून जाई.

या शाळेत तर दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबावं लागलं नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि टेबलावरून एक किल्ली पुढे सरकवली.

"जिन्याखालची खोली मोकळी करून घेतलीय तुमच्यासाठी. सहावीत चार मुलं आहेत. तुम्ही आलात की त्यांना तिकडे घेऊन बसा. त्यांचंही भलं, वर्गाचंही भलं."

फिरत्या बाई खोली बघून आल्या. जिन्याच्या उतारामुळे एका बाजूला मान वाकवूनच उभं राहावं लागत होतं. फाटके नकाशे, खेळाची जाळी, भुसा बाहेर आलेल्या दोन गाद्या आणि अर्धी दुनिया पुसट झालेला पृथ्वीचा गोल. खिडकी होती, पण तिला बाहेरून कपाट टेकवलेलं.

"खोली चांगली आहे," किल्ली परत ठेवत त्या म्हणाल्या. "गाद्यांसाठी. मी वर्गात बसेन."

मोठ्या बाई हसल्या. त्या वाईट नव्हत्या, फक्त शाळेच्या निकालाखेरीज त्यांना दुसरं काही दिसत नसे. "तो वर्ग गणिताच्या सरांचा आहे. ते कुणाला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत."

"विचारून तर बघते."

गणिताचे सर दारातच भेटले. धिप्पाड अंग, हाताचे पंजे फावड्याएवढे, आणि वरचा ओठ पुरता झाकून टाकणारी भरघोस मिशी. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. बाईंचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटच्या बाकाकडे बोट केलं. "बसा. पण मधेमधे बोलायचं नाही."

शेवटच्या बाकावर आधीच एक मुलगी बसली होती. बारीक चणीची, केसांचा विस्कटलेला टोप, आणि डोळे सतत इकडून तिकडे फिरणारे. तिला घरी भिंगरी म्हणत. शाळेत मुलं तिला बहिरी म्हणत, तेही तिच्या तोंडावर, कारण तिला ऐकू येत नाही म्हटल्यावर कशाला लाजायचं? लहानपणी तापात तिचे कान गेले होते. दवाखान्यातून मिळालेलं कानातलं यंत्र ती खिशात ठेवायची. पन्नास मुलांच्या वर्गात त्या यंत्रातून सरांचा आवाज येतच नसे. बाकं सरकल्याचा, दप्तरं आपटल्याचा नुसता कल्लोळ यायचा. तिचे वडील शहराबाहेरच्या भंगाराच्या वखारीत कामाला होते. वखारीला लागून असलेल्या वस्तीतलेच दोघे भाऊ तिच्या पुढच्या बाकावर बसत. घरी वेगळी भाषा बोलणारे ते भाऊ वर्गात कधी तोंड उघडत नसत. चौथं मूल म्हणजे कोपऱ्यात बसणारी मुलगी. तिला वाचायला सांगितलं की तिच्या हाताला घाम फुटायचा.

फिरत्या बाई पहिले दोन-तीन आठवडे नुसत्या बसून राहिल्या. भिंगरी काय बघते, ते त्या बघत होत्या. सर फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलत, तेव्हा भिंगरी खिडकीबाहेर बघायची. सर वळून खिडकीसमोर उभे राहत, तेव्हा मागून येणाऱ्या उजेडात त्यांचा चेहरा काळा ठिक्कर दिसायचा. मग ती शेजारच्या वहीत डोकवायची. सरांनी "समजलं का?" असं विचारलं की सगळ्यांच्या माना हलत, तिचीही हलायची.

शेवटी एका तासानंतर बाईंनी सरांना बाहेर गाठलं.

"सर, ती मुलगी तुमचे ओठ वाचते. तुम्ही फळ्याशी बोललात की तिचा तास बुडतो. आधी लिहा, मग वळून बोला. खिडकीसमोरून जरा बाजूला उभे राहा. आणि समजलं का, असं विचारू नका. करून दाखव, असं सांगा."

"बरं."

"अजून एक आहे."

"बोला."

"तुमची मिशी."

सरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"ओठ दिसतच नाहीत हो. थोडी कातरली, तर..."

"बाई!" सरांचा आवाज चढला. पलीकडच्या वर्गातलं शिकवणं थांबलं. "बत्तीस वर्षं शिकवतोय मी. तुम्ही आठवड्यातून दोनदा येणार, तास-दोन तास बसणार आणि माझ्या मिशीपर्यंत पोचणार? एवढं सोपं वाटतंय ना? मग उद्याचा तास तुम्हीच घ्या. अपूर्णांक. मी मागे बसतो."

फिरत्या बाईंनी रात्री जागून पुठ्ठ्याचे गोल कापले, रंगीत पट्ट्या केल्या, मुलांचे गट पाडले. तास सुरू झाला आणि बघता बघता वर्ग हातातून निसटला. लाल पट्ट्यांवरून दोन गटांची जुंपली. एक जण पट्टी शोधायला म्हणून बाकाखाली गेला तो तिकडेच रमला. औषधाच्या दुकानवाल्यांचा मुलगा, ज्याला अखंड बडबडीमुळे सगळे पोपट म्हणत, तो प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तरं ओरडत होता. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती भिंगरी त्या गोंधळात कानांवर हात नव्हे, डोळ्यांवर हात ठेवून बसली होती. बाईंचा घसा बसला. तेव्हा मागच्या बाकावरून सर उठले आणि फक्त "बास" म्हणाले. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता झाली.

तास संपल्यावर बाई रिकाम्या वर्गात पट्ट्या गोळा करत होत्या. सर दारात उभे.

"काय, कसं वाटलं?"

"हात टेकले, सर."

सर हसले. त्यांना हसताना बाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. खाली वाकून त्यांनीही पट्ट्या उचलायला घेतल्या. "ही पन्नास वानरं एका जागी कशी बसवायची, ते मला येतं. त्या मुलीपर्यंत कसं पोचायचं, ते येत नाही. खरं सांगतो, पोरीकडे बघायचंच टाळतो मी. बघितलं की आपल्याला काही जमत नाही, ही जाणीव होते." पुठ्ठ्याचा एक गोल त्यांनी बोटांत फिरवला. "हे गोल बरे आहेत. पन्नास नकोत, एकच मोठा करा. मी धरून उभा राहतो."

तिथून गाडी रुळावर आली. भिंगरीला दुसऱ्या रांगेत, भिंतीच्या बाजूला बसवलं, म्हणजे तिला सरही दिसतील आणि वर्गही. शेजारच्याच बाकावर पोपटला बसवायची कल्पना सरांची. "त्याचं तोंड तसंही बंद होत नाही. निदान कुणाच्या तरी उपयोगी पडेल." आणि पोपट खरंच कामाला आला. सर जे बोलत ते तो तिच्याकडे तोंड करून पुन्हा म्हणायचा, वर आपली टिप्पणी जोडायचा. भिंगरी त्यातलं कामाचं घ्यायची आणि बाकीच्यावर डोळे वटारायची.

हळूहळू वर्गात हातांची भाषा आली. अंश म्हणजे वरचा हात, छेद म्हणजे खालचा. दोन्ही हातांनी हवेत मोठा गोल काढला की 'सगळे'. यातल्या कितीतरी खुणा भिंगरीनंच शिकवल्या, घरी वापरायची त्या. गंमत अशी झाली, की घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या दोघा भावांना या खुणांचा पहिला आधार मिळाला. धाकटा एक दिवस फळ्यापाशी गेला, हातांनी गणित सांगितलं आणि मग तेच तोंडाने, अडखळत, सगळ्यांसमोर. कोपऱ्यातल्या मुलीला वाचायला लावण्याऐवजी सर तोंडी गणितं घालू लागले. ती कुणाच्याही आधी उत्तर देई. सरांचे हात मोठे, त्यामुळे त्यांच्या खुणाही मोठ्या आणि पुष्कळदा चुकीच्या. "सर, तुम्ही आत्ता तीनचतुर्थांश नाही म्हणालात," पोपट म्हणायचा, "तुम्ही तिला झोप म्हणालात."

एका सोमवारी सर वर्गात शिरले आणि वर्ग गप्प झाला. मिशी होती, पण ओठांच्या वर, नीट कातरलेली. भिंगरीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं, मग स्वतःच्या ओठांवरून बोट फिरवून अंगठा वर केला. सर लाजले. "चला, पान काढा," म्हणून त्यांनी विषय बदलला.

सहामाहीचा निकाल लागला. भिंगरी गणितात पास झाली, पहिल्यांदाच. पोपटचे मात्र चार मार्क कमी झाले.

पालकसभेत त्याचे वडील उभे राहिले. औषधवाले मवाळ माणूस, दुकानात उधारीवर औषध देणारे, आवाजही खालचा. "माझं कुणाशी वाकडं नाही," ते म्हणाले. "पण माझ्या मुलानं शाळेत शिकायला यायचं का शिकवायला? ते काम शिक्षकांचं. एका मुलीसाठी अख्ख्या वर्गाचा वेग कमी करायचा, हे काही बरोबर नाही."

बऱ्याच माना डोलल्या. एक आई म्हणाली, "आणि वस्तीतली ती मुलं. कपड्यांना कसला वास येतो." भिंगरीचे वडील भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी आपल्या सदऱ्याकडे पाहिलं आणि आवाज न करता बाहेर निघून गेले.

फिरत्या बाई बोलल्या. बाकीच्या वर्गाचे मार्क वाढलेत, हे सांगितलं. सर आता प्रत्येक गोष्ट लिहून, बोलून, दाखवून शिकवतात, त्याचा फायदा सगळ्यांनाच होतो, हेही सांगितलं. पण त्या बाहेरच्या. लोकांचे डोळे सरांकडे लागले होते. आणि सर टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत बसून राहिले.

मोठ्या बाईंनी निर्णय दिला. सोमवारपासून ती चार मुलं जिन्याखालच्या खोलीत बसतील. "त्यांच्याकडे खास लक्ष देता येईल," त्या म्हणाल्या. "फिरत्या बाई नसतील तेव्हा शिपाई काका बसतील सोबत."

जिन्यात बाईंनी सरांना अडवलं. "तुम्ही गप्प का बसलात?"

"मी भांडणारा माणूस नाही."

"मी तुम्हाला भांडायला सांगत नव्हते. जे रोज बघता तेवढं बोलायचं होतं."

"बाई, तुमची बदली झाली तर तुम्ही दुसऱ्या शाळेत जाल. मला इथेच दिवस काढायचेत." सर कठडा धरून खाली उतरले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण माणूस पाठमोरा असताना त्याच्याशी काय भांडणार?

त्या तशाच वखारीवर गेल्या. भिंगरीचे वडील बाटल्यांच्या ढिगाऱ्यात बसून रंगांप्रमाणे बाटल्या वेगळ्या करत होते. हिरव्या एका पिंपात, पांढऱ्या दुसऱ्यात. भिंगरी पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर वही ठेवून अभ्यास करत होती. बाईंना बघून तिनं हात हलवला.

"तुम्ही त्या खोलीला नाही म्हणा," बाई वडिलांना म्हणाल्या. "तुमचा हक्क आहे. मी येते तुमच्याबरोबर."

वडील हातमोजे काढून उभे राहिले. "बाई, तुम्ही चांगल्या आहात. पण तुम्ही भांडाल आणि जाल. उद्या पोरीला शाळेतूनच काढलं तर? खोलीत तर खोलीत. छत आहे, फळा आहे. आमच्या लोकांना शाळेच्या आत बसायला मिळतंय, तेच पुष्कळ झालं."

"तिला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? ती लेकरू आहे."

तरी त्यांनी तिला सांगितलं. घरच्या खुणांनी, भराभर. भिंगरी बघत राहिली. एकदा तिनं बाईंकडे पाहिलं, हे खरं आहे का, अशा नजरेनं. बाईंनी मान हलवली. तिनं वही मिटली आणि गठ्ठे बांधायची सुतळी कापायला उठून गेली.

बाई घरी आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्यानं. त्यांचा नवरा रुग्णवाहिका चालवायचा. पाळी संपवून तो पायातले बूट काढत होता. सगळं ऐकून म्हणाला, "अगं, बापाचं चुकलं कुठे? त्याला भीती आहे, आणि ती खरी आहे."

"मला कळतंय. म्हणून तर जास्त राग येतोय."

"मग सोमवारी काय करणार?"

"त्या खोलीत बसणार नाही. पुढचं माहीत नाही."

सोमवारी त्यांची पाळी दुसऱ्या शाळेत होती. तिकडे निरोप देऊन त्या इकडे आल्या. शिपाई काकांनी चार बाकं खोलीत हलवली होती. दोघे भाऊ आणि कोपऱ्यातली मुलगी मान वाकवून आत बसली होती, शिक्षा झाल्यासारखी. मोठ्या बाई बाहेरच उभ्या.

"आलात, बरं झालं. घ्या सुरुवात."

"मी इथे शिकवणार नाही, मोठ्या बाई. ही मुलं सहावीची आहेत. सहावी वर आहे."

"मग तुमच्या कार्यालयाला मला कळवावं लागेल."

"जरूर कळवा. माझ्या नावाचं शुद्धलेखन मात्र तपासून घ्या, तिकडे नेहमी चुकतं."

मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात शिपाई काका जिना उतरत आले. "मोठ्या बाई, ती मुलगी येत नाही."

सगळे वर गेले. दुसऱ्या रांगेत भिंतीच्या बाजूला, बाक उचलून नेलं होतं त्या रिकाम्या जागी, भिंगरी फरशीवर मांडी घालून बसली होती. दप्तर मांडीवर, पुस्तक उघडलेलं. वर्ग श्वास रोखून बघत होता. सर फळ्याजवळ खडू हातात धरून उभे.

"ऊठ," मोठ्या बाई म्हणाल्या. "चल खाली." मग हातानं खूण केली.

भिंगरीनं त्यांच्याकडे वर पाहिलं, आणि डोळे गच्च मिटून घेतले.

तेवढंच. पण त्याच्यापुढे कुणाचं काही चालेना. डोळे मिटले की तिच्यापर्यंत जायचा रस्ताच बंद. मोठ्या बाई रागावल्या, समजावलं, पुन्हा रागावल्या. ते सारं हवेत विरून गेलं. शिपाई काकांनी तिच्या खांद्याला हात लावला तशी तिनं पोपटच्या बाकाचा पाय दोन्ही हातांनी धरला. पोपट, ज्याचं तोंड जन्मात बंद झालं नव्हतं, तो गप्प होता. मग त्यानं आपलेही दोन्ही हात बाकावर दाबून धरले, जणू कुणी बाकच ओढून नेणार आहे.

"राहू द्या, काका," सर म्हणाले.

त्यांनी खडू खाली ठेवला, हात झटकले.

"मुलांनो, दप्तरं उचला. ओळीनं खाली चला. आपला वर्ग आजपासून जिन्याखाली."

"सर, हे काय?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"शुक्रवारी तुम्ही सभेत म्हणालात, त्या खोलीत मुलांकडे खास लक्ष देता येईल. मला पटलं. मग सगळ्यांकडेच देऊ की खास लक्ष. चौघांवरच मेहेरबानी कशाला?"

"तिथे पन्नास मुलं मावणार नाहीत!"

"मावतील तेवढी मावतील."

सर भिंगरीपाशी गुडघे टेकून बसले. त्यांना ते सोपं नव्हतं, गुडघे कुरकुरले. तिच्या दंडावर दोन बोटं टेकली. बऱ्याच वेळानं तिनं एक डोळा किलकिला केला. सरांनी दोन्ही हातांनी हवेत मोठा गोल काढला. सगळे. मग खाली बोट दाखवलं. तिनं वर्गाकडे पाहिलं. मुलं खरोखरच दप्तरं खांद्याला लावून उभी होती. ती उठली, पण सगळ्यांच्या शेवटी निघाली. एकही जण मागे राहत नाही ना, हे बघत.

खोलीत काय दाटी झाली! मुलं बाकांवर, गाद्यांवर, उरलेली जिन्याच्या पायऱ्यांवर आणि व्हरांड्यात. सरांना मान वाकवल्याशिवाय उभं राहता येईना, म्हणून ते दारातच ठाकले. "पान नको काढायला," ते म्हणाले. "या खोलीचं क्षेत्रफळ काढा. मग एकेकाच्या वाट्याला किती जागा येते, ते सांगा." भिंगरी आणि थोरला भाऊ वितीनं भिंत मोजू लागले. वाकडा उतार कसा धरायचा, यावरून वाद पेटला. बाहेरचे ओरडून आकडे विचारत होते, आतले हातांनी सांगत होते. फिरत्या बाई पायरीवर बसून कोपऱ्यातल्या मुलीला आकडे म्हणून दाखवत होत्या. उत्तर निघालं, ते पोपटनं जाहीर केलं. "सर, एकेकाला अंदाजे एक दप्तर ठेवण्याएवढी जागा येते. मग आम्ही बसायचं का दप्तर ठेवायचं?"

पुढचा तास भाषेच्या बाईंचा होता. त्या दारात आल्या, थबकल्या. "मी इथे कशी शिकवू?" असं दोनदा म्हणाल्या. मग पुस्तक छातीशी धरून मुलांच्या पायांमधून वाट काढत आत शिरल्या. विज्ञानाचे सर आलेच नाहीत. ते वरच्या रिकाम्या वर्गात बसून राहिले.

दुपारी औषधवाले धावत आले, कुणीतरी फोन केला होता. त्यांचा मुलगा भुसा बाहेर आलेल्या गादीवर बसला होता.

"हे काय चाललंय? माझ्या मुलाला या कोंडवाड्यात बसवलंय? हवा नाही, उजेड नाही!"

"बाबा, जरा थांबा ना," पोपट म्हणाला, "माझं गणित अर्ध्यावर आहे."

फिरत्या बाई पायरीवरून उठल्या. "कोंडवाडा म्हणालात ना? मला हाच शब्द हवा होता. शुक्रवारी ही खोली त्या चौघांसाठी चांगली होती. आज अचानक काय बिघडलं?"

औषधवाल्यांनी आत पाहिलं. भिंगरी त्यांच्या मुलाच्या खांद्यावरून वहीत वाकली होती आणि एका आकड्यावर बोट आपटत होती. पोपटनं खोडलं, नवा आकडा लिहिला. "चार मार्क याच चुकीनं गेले होते," औषधवाले स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, आणि कुणाचा निरोप न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी वर्ग पुन्हा खाली. तिसऱ्या दिवशीही. आता पालकांची रीघ लागली. काही सरांच्या नावानं बोटं मोडत होते, काही मोठ्या बाईंच्या. पण ती खोली मुलांनी बसायच्या लायकीची आहे, असं म्हणायला एकही जण तयार होईना. मोठ्या बाईंची पुरती कोंडी झाली. त्या दिवशी शाळा सुटल्यावर शिपाई काकांनी चारही बाकं वर नेली. कुणी काही जाहीर केलं नाही.

फाटकाशी भिंगरीचे वडील उभे होते. तीनही दिवस ते असे येऊन लांबून बघून जात होते. फिरत्या बाईंना पाहून पुढे आले.

"मी तिला सांगितलं होतं, खोलीत बस म्हणून. पोरीनं माझं ऐकलंच नाही." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, आणि ते हसायला लागले. बाईही हसल्या. दोघांचेही डोळे भरले होते, पण तो विषय कुणी काढला नाही.

जिंकल्याचा आनंद फार टिकला नाही. सरांना शिस्तभंगाची नोटीस आली आणि त्यांची पगारवाढ अडकली. फिरत्या बाईंना कार्यालयात बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "माफी मागा, प्रकरण मिटवून टाकू."

"कशाची माफी, तेवढं सांगा."

"मुख्याध्यापिकांचा अवमान केल्याची."

"मी त्यांच्या शिक्षकाच्या पाठीशी उभी राहिले. मला पगार त्याचाच मिळतो. माफी नाही मागणार."

साहेबांनी त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळा दिल्या, दोन बस बदलून जावं लागेल अशा. त्या गेल्या. जाण्याआधी सहावीत एक तास बसू द्यावं, ही त्यांची विनंती मोठ्या बाईंनी नाकारली. तेव्हा मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग फाटकाशी आला आणि गजांमधून हात बाहेर काढून निरोप दिला. भिंगरीनं काय सांगितलं, ते पोपटनं नेहमीप्रमाणे तोंडानं पुन्हा सांगितलं. "ती म्हणतेय, नवीन ठिकाणी कुणाला घाबरू नका. आणि हे मी माझं सांगतोय, तिकडे वर्ग घेऊ नका, तुम्हाला जमत नाही."

पुढच्या वर्षी, शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाल्यावर, गणिताच्या सरांचा फोन आला. बाई नव्या शाळेच्या व्हरांड्यात होत्या. आतमध्ये एक तरुण शिक्षिका त्यांची वाट बघत होती, रडवेली झालेली, पहिल्याच नोकरीत.

"पाचवीत एक मुलगा आलाय, चाकांच्या खुर्चीवर," सर म्हणाले. "वर्ग वरच्या मजल्यावर. मोठ्या बाई म्हणतात, त्याला खाली ग्रंथालयात एकट्याला बसवा. मी म्हटलं, वर्ग खाली आणा. नाही म्हणाल्या."

"मी येऊ का?"

"नको. तुमची बदली आणखी लांब करतील, मग तिथून यायला विमान लागेल." मागून भाषेच्या बाईंचा आवाज येत होता, त्या कुणाला तरी ठणकावत होत्या. "मुलाला मानेला आधार लागतो. लिहिताना हात थरथरतो. त्याला कसं शिकवायचं, तेवढं सांगा. बाकीचं आम्ही बघतो."

बाईंनी सांगायला सुरुवात केली. टेबलाची उंची, कोपराखाली काय ठेवायचं, उत्तर लिहायला किती सवड द्यायची. सर मधेमधे थांबवून शंका विचारत होते. आतली तरुण शिक्षिका दारापर्यंत आली, तेव्हा बाईंनी तिला खुणेनं जवळ बोलावलं आणि तिलाही ऐकू जावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला.